देव जिंकल्यानंतर

मार्सियास उलटा टांगलेला आहे. पाय झाडाला बांधलेले, डोके खाली, आणि सोनेरी केसांचा अपोलो गुडघा टेकून, एखाद्या कारागिराच्या एकाग्रतेने, त्याचे कातडे सोलतो आहे. मार्सियासचा गुन्हा एवढाच, की या रानवट सॅटरने आपला पावा घेऊन संगीताच्या देवाशी स्पर्धा लावली आणि तो हरला. जमिनीवर सांडलेले रक्त एक छोटे कुत्रे चाटते आहे. उजवीकडे मुकुट घातलेला वृद्ध मिडास राजा तोंडाशी हात नेऊन नुसता बघत बसला आहे. हा चेहरा टिशनने स्वतःचाच रंगवला, असे अनेक अभ्यासक मानतात.

व्हेनिसच्या टिशनने हे चित्र आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत, १५७० ते १५७६ या काळात काढले. आज ते चेक प्रजासत्ताकातल्या क्रोमेर्झीझ या लहान शहरात, आर्चबिशपच्या राजवाड्यात आहे. तिथे ते तीनशेहून अधिक वर्षे आहे, पण बाहेरच्या जगाला त्याची खरी ओळख पटली ती १९८३ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते मांडले गेले तेव्हा. बघणारे हादरले. रंग ब्रशने कमी आणि बोटांनी जास्त फासल्यासारखे, आणि संपूर्ण चित्रात अपोलोच्या बाजूने बोलणारी एकही गोष्ट नाही. देव जिंकला आहे, पण मिडासचे डोळे काही वेगळेच सांगतात.

ग्रीक पुराणकथांवरची चित्रे म्हटली की शिंपल्यावर उभी राहिलेली बोटिचेल्लीची व्हीनस आधी आठवते. ती सुंदर आहे आणि तिच्याविषयी पुरेसे लिहून झाले आहे. मला ओढ आहे ती दुसऱ्या टोकाची. या कथांमध्ये देव जवळपास नेहमीच जिंकतात, पण ज्या कलाकृतींपुढून पाय हलत नाही त्यांच्यात कलावंत हरलेल्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलेला दिसतो.

याचे थोडे श्रेय ऑव्हिडला द्यायला हवे. युरोपातल्या चित्रकारांपर्यंत ग्रीक कथा पोचल्या त्या मुख्यतः या रोमन कवीच्या ‘मेटामॉर्फसिस’मधून. म्हणूनच आर्टेमिसची डायना झाली आणि पोसायडनचा नेपच्यून. इसवी सन ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला हद्दपार केले. वरच्याची खप्पामर्जी म्हणजे काय, हे त्याला चांगलेच कळले असणार. आपल्या पुराणांत शापाला बहुधा उःशाप जोडलेला असतो. अहल्येची शिळा झाली तरी रामाची वाट मोकळी असते. ऑव्हिडकडे ही सोय क्वचितच मिळते. हरीण झाला तो हरीणच राहिला.

हरीण झाला तो ॲक्टिऑन. शिकारीला गेलेला हा तरुण वाट चुकून डायनाच्या स्नानाच्या जागी पोचतो. तिने पाणी उडवले, त्याचे हरीण झाले, आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी टिशनने पुराणकथांची जी मालिका रंगवली, तिच्यातल्या ‘डायना आणि ॲक्टिऑन’मध्ये तो लाल पडदा सारून नुकताच आत डोकावला आहे. अजून काहीच घडलेले नाही. पण खांबावर हरणाची कवटी ठेवलेली आहे आणि वर सोललेली कातडी लटकते आहे. निकाल आधीच लागलेला आहे. आरोपीला तेवढे ठाऊक नाही. हे चित्र २००९ मध्ये लंडन आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनांनी मिळून ५ कोटी पौंडांना विकत घेतले, तेव्हा किमतीवरून बराच गदारोळ झाला. पुढचा प्रसंग, ‘ॲक्टिऑनचा मृत्यू’, टिशनने राजाला कधी पाठवलाच नाही. तो पूर्ण झाला होता की नाही, यावर अजून वाद आहे. त्यात डायना धनुष्य रोखून पुढे येते आहे, पण प्रत्यंचा दिसत नाही. दूरवर हरणाचे डोके आणि माणसाचे धड असलेला एक जीव कुत्र्यांखाली कोसळतो आहे. मला तरी हे चित्र पूर्ण वाटते.

याच मालिकेतले ‘युरोपा’, बैलाचे रूप घेतलेल्या झ्यूसने पळवलेली राजकन्या, आज बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात आहे. सतराव्या शतकात ते माद्रिदच्या राजसंग्रहात होते आणि दरबारी चित्रकार वेलास्केझ ते रोज बघू शकत होता. त्याने पुढे त्याचे जे केले ते मला सगळ्या युरोपीय चित्रकलेतले सर्वांत धीट पाऊल वाटते.

प्राडो संग्रहालयातले त्याचे ‘सूत कातणाऱ्या बाया’ हे चित्र पाहताना आधी दिसतो तो एक कारखाना. बाया लोकर पिंजताहेत, सूत गुंडाळताहेत. चाक इतक्या वेगाने फिरते आहे, की त्याचे आरे दिसेनासे झाले आहेत. कितीतरी वर्षे लोक हे माद्रिदच्या एका गालिचा-कारखान्याचे दृश्य समजत. मग १९४८ च्या सुमारास एका जुन्या मालकाच्या मालमत्तेची यादी उजेडात आली. तिच्यात चित्राचे नाव अरॅक्नीची कथा असे नोंदलेले होते. मागच्या उजळलेल्या कोनाड्यात शिरस्त्राण घातलेली देवी अथीना हात उगारून उभी आहे, समोर अरॅक्नी, आणि दोघींच्या मागे विणलेला पडदा. त्यावर टिशनची ‘युरोपा’ आहे.

ऑव्हिडची गोष्ट अशी, की अरॅक्नी ही रंगाऱ्याची पोर. विणण्यात तिने खुद्द अथीनेला आव्हान दिले. अथीनेने मागावर देवांचा थाट विणला, तर अरॅक्नीने देवांनी बायकांना कसे फसवले याची यादीच विणली, आणि सुरुवात केली युरोपापासून. अथीनेला त्या कामात खोट सापडेना. तिने ते फाडले, धोट्याने पोरीच्या डोक्यात वार केले आणि शेवटी तिचा कोळी केला. आता वेलास्केझने काय केले बघा. मर्त्य विणकरणीच्या मागावर त्याने आपल्या लाडक्या गुरूचे चित्र चढवले. टिशनला जो मान द्यायचा तो त्याने हरलेल्या पोरीला देऊन टाकला. कोळी चित्रात कुठेच नाही. पुढच्या अंधारात कष्टकरी बाया आपले काम करताहेत आणि चित्राचा मोठा भाग त्यांनीच व्यापला आहे.

बर्निनीच्या ‘अपोलो आणि डाफ्नी’विषयी (१६२२–२५, रोमचे बोर्गेझे दालन) माझे मन इतके स्वच्छ नाही. अपोलो पाठलाग करतो आहे आणि डाफ्नीचे झाड होते आहे. संगमरवराची पाने इतकी पातळ, की त्यांतून उजेड झिरपतो. पायांच्या बोटांना मुळे फुटताहेत, मांडीवर साल चढते आहे. त्यातले बरेच नाजूक काम त्याचा साहाय्यक जुलियानो फिनेल्ली याच्या हातचे आहे, आणि श्रेयाच्या वाटणीत त्याला फारसे काही मिळाले नाही. एवढे कसब पाहून आपण थक्क होतो आणि डाफ्नीचे उघडे तोंड किंचाळते आहे हे विसरतो. कार्डिनलच्या घरात नग्न मूर्ती शोभावी म्हणून चौथऱ्यावर एक लॅटिन श्लोक कोरला आहे. त्यातला उपदेशही पाठलाग करणाऱ्यालाच आहे. क्षणिक सुखामागे धावाल तर हाती पाने येतील. पाने होणाऱ्या मुलीला कुणी काही विचारलेले नाही.

लाओकूनच्या बाबतीत मात्र काळानेच न्याय केला. ट्रॉयच्या या पुजाऱ्याने लाकडी घोड्याचा डाव ओळखला आणि म्हणूनच समुद्रातून आलेल्या सापांनी त्याला मुलांसह विळखा घातला. ही शिल्पाकृती १५०६ च्या जानेवारीत रोममधल्या एका द्राक्षमळ्यात सापडली. बघायला धावलेल्यांत मायकेलँजेलो होता. उजवा हात तुटलेला होता. दुरुस्ती करणाऱ्यांनी तो वर ताठ उगारलेला, वीराला शोभेल असा बसवला. पुढे १९०६ मध्ये लुडविग पोलाक या पुरावस्तूंच्या जाणकाराला रोममध्येच एक संगमरवरी हात मिळाला. तो दुमडलेला, मागे डोक्याकडे ओढला गेलेला होता. १९५० च्या दशकात तो मूळचाच म्हणून मान्य झाला आणि मूर्तीला जोडला गेला. चारशेहून अधिक वर्षे झुंजणारा वाटलेला माणूस तेव्हापासून वेदनेने पिळवटलेला दिसतो.

ब्रुसेल्समधले ‘इकॅरसचे पतन’ ब्रॉयगलचे म्हणून प्रसिद्ध आहे, जरी ती हरवलेल्या मूळ चित्राची नक्कल असावी असे आज बरेच जण मानतात. ऑव्हिडच्या कथेत नांगरणारा शेतकरी, मेंढपाळ आणि गळ टाकून बसलेला कोळी आकाशात उडणारे डेडॅलस आणि इकॅरस हे बाप-लेक पाहून हे देवच आहेत असे समजतात. ब्रॉयगलने ही तिन्ही माणसे घेतली आणि एकालाही इकॅरसकडे बघू दिले नाही. उजव्या कोपऱ्यात दोन पाय पाण्याबाहेर तडफडताहेत, बस. याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या गळवाल्याजवळच्या फांदीवर बसलेल्या तित्तिर पक्ष्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. तो पेर्डिक्स, डेडॅलसचा भाचा. मामापेक्षा हुशार निघाला म्हणून मामाने त्याला कड्यावरून ढकलले होते, आणि अथीनेने पडता पडता त्याचा पक्षी केला. म्हणजे इकॅरस बुडत असताना बापाचा जुना गुन्हा शेजारी बसून बघतो आहे.

मेड्यूसाची गत सर्वांत वाईट. फ्लॉरेन्सच्या चौकात चेलिनीचा ब्रॉन्झचा पर्सियस १५५४ पासून तिचे मुंडके उंचावून उभा आहे. ओतकामाच्या रात्री धातू गोठू लागला तेव्हा तापाने फणफणलेल्या चेलिनीने घरातली कथिलाची दोनशेएक ताटे-भांडी भट्टीत फेकली, असे तो आत्मचरित्रात सांगतो; गृहस्थ बढाईखोर होता, पण मूर्ती समोर आहे. खाली मान घातलेल्या पर्सियसचा आणि त्याच्या हातातल्या मेड्यूसाचा चेहरा ताडून पाहावा. नाक, गाल, अर्धमिटले डोळे, सगळे एका साच्यातले. हे त्याने मुद्दाम केले असेल तर चेलिनीला मी बरेच माफ करीन.

लुचियानो गार्बाती या अर्जेंटिनी-इटालियन शिल्पकाराने २००८ मध्ये प्रसंग उलटवला. त्याची मेड्यूसा उभी आहे आणि पर्सियसचे मुंडके तिच्या हातात लोंबते आहे. २०२० मध्ये ही मूर्ती न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत काही महिने उभी होती. कल्पना जोरकस आहे, पण मुंडके चुकीच्या माणसाचे आहे. ऑव्हिड सांगतो, की मेड्यूसावर मिनर्व्हाच्या, म्हणजे अथीनेच्याच, देवळात बळजबरी केली ती समुद्रदेव नेपच्यूनने. देवीने शिक्षा दिली ती मुलीला, तिच्या केसांचे साप करून. पर्सियस फार नंतर आला. खऱ्या गुन्हेगारावर कुणी कधी तलवार उगारली नाही.

त्याला बघायला मात्र फार लांब जावे लागत नाही. १९४० च्या दशकात कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर उत्खनन झाले, त्यात सातवाहनकाळच्या वस्तूंबरोबर समुद्रदेव पोसायडनची एक छोटी ब्रॉन्झमूर्ती मिळाली. रोमशी चाललेल्या व्यापारातून ती इथवर आली. टाउन हॉल संग्रहालयाच्या संग्रहातली ही मूर्ती दाढीवाली, धडधाकट आणि अगदी निर्धास्त आहे.