दूरच्या तालुक्यांना सवलती : शिरूर अनंतपाळच्या निमित्ताने मागोवा

मागास भागांत उद्योग आणि रोजगार वाढावा म्हणून महाराष्ट्र शासनाने दिलेल्या सवलतींचा इतिहास सहा दशकांचा आहे. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यातून पाहिले, तर या सवलती कुठवर पोहोचल्या आणि कुठे थांबल्या हे कळते. निजामी राजवटीत हा भाग बिदर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि 1982 मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात गेला. शिरूर अनंतपाळ स्वतंत्र तालुका झाला तो 1999 मध्ये. प्रत्येक फेरबदलात मुख्यालय बदलले. शेती मात्र पावसावरच राहिली.

1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि 1964 मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात साचलेले उद्योग बाहेर न्यावेत, हा तिचा हेतू. पुढे विकासाच्या पातळीनुसार तालुक्यांचे गट पाडले गेले आणि जितका भाग मागास तितकी सवलत जास्त, असे सूत्र ठरले. मराठवाड्यातील बहुसंख्य तालुके ‘ड’ आणि ‘ड+’ या मागास गटांत येतात.

या योजनेचा कणा अनेक वर्षे विक्रीकर हा होता. ग्राहकाकडून वसूल केलेला कर कारखान्याने लगेच शासनाकडे न भरता काही वर्षे बिनव्याजी वापरायचा आणि नंतर हप्त्यांनी फेडायचा, अशी सोय होती. अर्थात उलाढाल मोठी, तर लाभही मोठा. डाळमिल किंवा तेलगिरणी चालवणाऱ्याच्या वाट्याला त्यातले थोडेच येई. शिवाय सवलत असली तरी रस्ता, वीज, पाणी आणि रेल्वे लागतेच. जायकवाडीचे पाणी जवळ असलेल्या औरंगाबादेत ते सारे होते. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्यामागून सुटे भाग बनवणारे उद्योग आले. लातूरहून मिरजेकडे जाणारी रेल्वे मात्र नव्या शतकापर्यंत अरुंद रुळांवरच धावत होती. मागासांसाठीची सवलत अशी विभागातल्या पुढारलेल्या शहरालाच अधिक लाभली.

ही दरी 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालाने आकड्यांत मांडली. राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाची तूट, 3,186.78 कोटी रुपये आणि त्यात मराठवाड्याचा 750.85 कोटी, असे समितीने काढले. विभागांमधला असमतोल कमी करण्यासाठी 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्याच वर्षाच्या 1 एप्रिल रोजीचा अनुशेष पुढील समितीने मोजला, तेव्हा राज्याचा आकडा 14,006.77 कोटींवर आणि मराठवाड्याचा 4,004.55 कोटींवर गेला होता. हिशेब विभागाचा आणि जिल्ह्याचा होता. जिल्ह्याच्या आतला दूरचा तालुका त्यात वेगळा दिसत नसे. मंडळांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली.

2000 च्या सुमारास राज्यांनी विक्रीकराच्या सवलती आवरत्या घेतल्या. 2007 च्या योजनेत औद्योगिक प्रोत्साहन अनुदान आणि विशाल प्रकल्पांसाठी वेगळे लाभ होते. 2013 आणि 2019 मध्ये योजना पुन्हा सुधारली गेली. वस्तू व सेवा करानंतर परताव्याची पद्धत बदलली. वीज शुल्क व मुद्रांक शुल्कातील माफी टिकली.

दूरच्या तालुक्यात अधिक उतरल्या त्या शेतीशी जोडलेल्या योजना. 1972 च्या दुष्काळातून वाढलेल्या रोजगार हमीला 1977 च्या कायद्याचा आधार मिळाला आणि 1990 पासून तिच्यातून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागले. शिरूर अनंतपाळ तालुक्यातील घरणी आणि साकोळ या मध्यम प्रकल्पांनी थोडे क्षेत्र ओलिताखाली आणले. 2018 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, म्हणजे ‘पोकरा’ने, मराठवाड्यातील निवडक गावांत ठिबक, तुषार, शेततळे आणि शेतकरी गटांची गोदामे यांना अनुदान दिले.

या साऱ्याची कसोटी सोयाबीनच्या हंगामात लागते. काढणी होताच कट्टे लातूर किंवा उदगीरच्या आडतीवर जातात. दाणा ओलसर असला की भाव कापला जातो. गावात वाळवण, चाळणी आणि साठवण असेल तर माल थांबवता येतो. सोयाबीनमधून तेल साधारण पाचवा भाग निघते आणि उरते ती पेंड. तिचा व्यवसायही तेलगिरणीजवळच उभा राहतो. गिरणी जिथे, मूल्यवाढ आणि मजुरी तिथे.

पाण्याची मर्यादा 2016 मध्ये उघडी पडली, तेव्हा मिरजेहून रेल्वेने लातूर शहराला पाणी आणावे लागले. त्यामुळे टिकाऊ विकासासाठी अनुदान कोणत्या पिकाला आणि किती पाण्याच्या उद्योगाला, हाही प्रश्न आहे. उसाला लागणारे पाणी सोयाबीन, तूर, हरभऱ्यापेक्षा कितीतरी अधिक. त्यामुळे डाळ आणि तेल प्रक्रियेचा या भागाच्या पाण्याशी मेळ बसतो. करमाफीने कारखान्याची जागा ठरवता येते. तो चालत राहण्यासाठी पाणी, साठवण, रस्ता आणि स्थानिक कच्चा माल यांची जोड लागते.