फळमाशीचा नर सापळ्यात मेलाच पाहिजे, नुसता येऊन जाता कामा नये



हापूसच्या पेट्या भरायला लागल्या की हातखंबा तिठ्यापासून आतल्या वाड्यांपर्यंत एकच विचारणा असते: "सापळ्यात माश्या ढिगाने पडतायत, तरी फळात अळी कशी?"

सापळ्यात पडतात ते जवळजवळ सगळे नर. फळाला डंख मारून सालीखाली अंडी घालते ती मादी, आणि ती सापळ्याकडे फिरकत नाही. आपण नर मारतो ते मादीचं लगीन लागू नये म्हणून. तेव्हा हे लगीन लागतं कसं, ते समजून घेऊ.

कोषातून बाहेर पडलेली माशी लगेच जोडीला तयार नसते. तिच्या मेंदूमागच्या बारीक ग्रंथींतून एक हॉर्मोन पाझरतं, त्याला ज्युव्हेनाइल हॉर्मोन म्हणतात. ते आणि पोटात गेलेली प्रथिनं यांच्या जोरावर माशी वयात येते. वेलवर्गीय भाज्यांवरच्या फळमाशीवर प्रयोग झालेत: नरांना या हॉर्मोनसारखं रसायन आणि प्रथिनयुक्त खाद्य दिलं तर ते लवकर वयात येतात. आंब्यावरचा नर वयात येतो तसतशी त्याला मिथाईल युजेनॉलची ओढ वाढते. म्हणून आज कोषातून निघालेला नर आज सापळ्यात येणार नाही. सापळा आठवडाभर लावून काढला तर मागाहून वयात येणारे सगळे सुटतात.

दुकानात काही जण ल्यूरला "हॉर्मोनची गोळी" म्हणतात. तसं नाही. हॉर्मोन शरीराच्या आत काम करतं. मिथाईल युजेनॉल हे वनस्पतीतलं द्रव्य, आपल्या तुळशीतसुद्धा असतं. नर या वासाला येतात हे १९१५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे काम करणाऱ्या हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने दाखवलं.

आता महत्त्वाचं. नर हे द्रव्य नुसतं हुंगत नाही, खातो. पोटात त्याचं रूप बदलून ते मागच्या टोकाच्या ग्रंथीत साठतं. तिन्हीसांजेला नर पानांवर जमतात, पंख फडफडवून तो वास सोडतात, आणि मादी त्यातला पसंत करते. मिथाईल युजेनॉल खाल्लेला नर इथे इतरांना मागे टाकतो, हे प्रयोगांत दिसलंय. म्हणजे ल्यूर चाखून जिवंत सुटलेला नर आपण खाऊपिऊ घालून नवरदेव केला! ज्या सापळ्यात कीटकनाशक घालायचं असतं तिथे ते वेळेवर बदला. फुटका डबा, उघडं झाकण चालवून घेऊ नका. घरी नुसता बोळा भिजवून टांगणं तर नकोच.

दुसरं, एक नर अनेक माद्यांशी जुळतो. थोडे नर उरले तरी काम भागतं त्यांचं. शिवाय शेजारच्या बागेत जुळलेली मादी गडगा ओलांडून येतेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे एकाच बागेत न लावता अख्ख्या वाडीने एकदम लावले तरच उपयोग. रायवळाची झाडंही सोडू नका. गळलेली फळं रोज गोळा करून खोल पुरा, अळी मातीत जाऊनच कोष करते.

फळमाशीपायी २०१४ च्या मे महिन्यात युरोपने आपला आंबा थांबवला होता, तो २०१५ मध्ये सुटला. एका डंखलेल्या फळाने अख्खा माल अडकतो.

दर रविवारी सापळ्यातल्या माश्या मोजून आकडा ग्रुपवर टाका, सोबत वाडीचं नाव लिहा.