नकलेची रुजुवात

द्विपंखी विमानाच्या लहान प्रतिकृतीचे रंगकाम हा वरवर पाहता फावल्या वेळाचा विषय आहे. परंतु ज्या विमानांची अस्सल रूपे आज जगात मोजक्या संग्रहालयांपलीकडे उरलेली नाहीत, ज्यांची रंगीत छायाचित्रे अपवादानेच घेतली गेली, आणि ज्यांचे अंग मुख्यतः कापडाचे, लाकडाचे व तारांचे होते, त्यांची बरहुकूम नक्कल करावयास बसलेल्या माणसाला रंगाचा पहिला थर देण्यापूर्वीच रसायन, छायाचित्रण, यंत्रविद्या आणि इतिहास या चार खात्यांची दप्तरे उलथीपालथी करावी लागतात. त्या दप्तरांत आजवर काय काय हाती लागले याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे. आणि त्या ओघात एक मतही मांडावयाचे आहे, ते असे की प्रतिकृतीवरील प्रत्येक डागास कारण असले पाहिजे, आणि ते कारण करणाऱ्यास सांगता आले पाहिजे.

या छंदाचे पूर्ववृत्त फार जुने नाही. १९३०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडात ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकडी संच विकले जाऊ लागले आणि त्यांनी सहा फुटांस एक इंच, म्हणजे १:७२, हे प्रमाण रूढ केले. १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या मालिकेने सेल्युलोज ॲसिटेटचे, म्हणजे प्लास्टिकच्या आद्य अवताराचे, संच बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूमित्रांची विमाने ओळखावयास शिकवण्यासाठी याच प्रमाणाच्या प्रतिकृती वापरल्या गेल्या, आणि युद्धोत्तर काळात एअरफिक्सच्या स्वस्त पॉलिस्टायरीन संचांनी हा छंद शाळकरी मुलांच्या खिशाला परवडेल असा केला. पुढे १:४८ व १:३२ ही मोठी प्रमाणेही प्रचारात आली. प्रमाणाची निवड ही केवळ कपाटातल्या जागेची बाब नव्हे. सॉपविथ कॅमलचा पंखविस्तार २८ फुटांचा, तो १:७२मध्ये पावणेपाच इंचांहूनही किंचित कमी भरतो आणि १:३२मध्ये साडेदहा इंच होतो, आणि या दोन आकारांवर एकाच जाडीचा रंग, एकाच गडदपणाची छटा व एकाच रुंदीचा ओघळ शोभू शकत नाही.

आता मूळ वस्तूकडे वळू. या विमानांचे पंख म्हणजे हलक्या लाकडाचा सांगाडा व त्यावर ताणलेले लिननचे कापड. त्या कापडावर ‘डोप’ नावाच्या सेल्युलोजयुक्त द्रावणाचे थरांवर थर देत. तो सुकताना आकसे आणि कापड नगाऱ्याच्या चामड्यासारखे ताठ होई. परंतु सूर्यप्रकाशाने हे कापड हळूहळू निःसत्त्व होत जाते, हे ध्यानात आल्यावर प्रकाश अडवणारे रंगद्रव्य त्यात मिसळणे प्राप्त झाले. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत सिद्ध झालेला आणि १९१६पासून प्रचारात आलेला ‘पी.सी.१०’ हा रंग त्यातूनच जन्मला. त्याने कापडाचे आयुष्य वाढे, आणि विमान जमिनीवर उभे असता वरून सहजी दिसत नसे, असा दुहेरी लाभ होई. विमानाची खालची बाजू मात्र बहुधा नुसत्या पारदर्शक डोपची असे आणि ती दुधाळ पिवळसर दिसे.

या पी.सी.१०ची नेमकी छटा कोणती, हा या छंदातील सर्वांत दीर्घकाळ चाललेला दावा आहे. एक पक्ष त्यास ऑलिव्हसारखा हिरवा म्हणतो, दुसरा चॉकलेटी तपकिरी म्हणतो, आणि दोघांपाशीही अस्सल कापडाचे तुकडे पुराव्यादाखल असतात. वादाचे मूळ रंगाच्या घटकांतच आहे. त्यातील मुख्य द्रव्ये दोन : लोहयुक्त पिवळी माती आणि दिव्याची काजळी. पिवळ्यात काळे मिसळले की डोळ्यास हिरवट भास होतो. मातीचा वाण थोडा तांबूस असला, थर एकदोन अधिक पडले, वर व्हार्निश चढले किंवा काळ लोटला, की तोच रंग तपकिरीकडे झुकतो. तेव्हा दोन्ही पक्षांचे साक्षीदार खरे बोलत आहेत, असा निवाडा देणेच न्यायाचे होय. आणि कारागिराने त्यावरून घ्यावयाचा बोध असा की एकाच विमानाच्या दोन पंखांत छटेचा सूक्ष्म भेद ठेवला तर तो दोष ठरत नाही, उलट दुरुस्तीत बदललेला पंख दाखवावयाचा असेल तर तो भेद ठेवणेच इष्ट.

छायाचित्रांची साक्षही अशीच उलटतपासणीवाचून घेता येत नाही. त्या काळी सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक काच तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी व निळ्याला अतिसंवेदनशील होती. त्यामुळे तांबडा रंग काळा उमटे, पिवळा अपेक्षेहून गडद दिसे आणि निळा फिका पडे. ब्रिटिश विमानावरील वर्तुळचिन्हात बाहेरचा गडद निळा पट्टा कित्येक चित्रांत मधल्या तांबड्या ठिपक्याहून फिका दिसतो, तो यामुळेच. जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन यांनी १९१७च्या आरंभी आपले विमान तांबडे रंगवून घेतले. लोकांच्या मनात त्यांची मूर्ती तीन पंखांच्या फोकरशी जडलेली असली तरी त्यांच्या ८० विजयांपैकी बहुसंख्य विजय आल्बाट्रॉसादी द्विपंखी विमानांतूनच मिळालेले आहेत. पण त्या द्विपंखी विमानांचा कोणता भाग तांबडा होता आणि कोणता हिरवा वा जांभळा, हे छायाचित्रातील काळोखावरून ठरवावयास गेले तर फसगत ठेवलेली. तेथे शत्रूपक्षाच्या अहवालांची, वैमानिकांच्या पत्रांची आणि पडलेल्या विमानांवरून कापून आणलेल्या कापडांची जबानी जमेस धरावी लागते.

जर्मन विमानांच्या रंगकामात आणखी दोन प्रकरणे स्वतंत्र विचाराची आहेत. पहिले ‘लॉझेंज’ कापडाचे. युद्धाच्या उत्तरार्धात जर्मनांनी विमान रंगवण्याऐवजी चार किंवा पाच रंगांच्या अनियमित बहुकोनी तुकड्यांची नक्षी छापलेले कापडच पंखांवर चढवावयास आरंभ केला. त्यायोगे रंगाचे वजन वाचले आणि वेळही वाचला. वरच्या बाजूचे कापड गडद व खालच्या बाजूचे फिके असे. ही नक्षी हाताने रंगवणे म्हणजे तपश्चर्याच; म्हणून बहुतेक लोक पाण्यात भिजवून चिकटवावयाच्या छापील डिकलचा आश्रय करतात, आणि त्यावर पातळ उदी रंगाचा एक झिरझिरीत थर देऊन त्या रंगांचा भडकपणा एका सुरात आणतात. दुसरे प्रकरण आल्बाट्रॉसच्या धडाचे. ते पातळ प्लायवुडच्या तक्त्यांचे असून पुष्कळदा त्यावर केवळ व्हार्निश असे. प्लास्टिकवर लाकूड उमटवण्याची सर्वमान्य रीत अशी : प्रथम फिकट बदामी रंगाचा सपाट थर द्यावा, तो पक्का वाळल्यावर बर्न्ट सिएना किंवा रॉ अंबर हा तैलरंग अगदी थोडा लावून राठ ब्रशाने एकाच दिशेने ओढावा, म्हणजे रेषांचे दळ उमटते, आणि तो पुरता वाळू दिल्यावर पारदर्शक पिवळ्या-नारिंगी रंगाचा हात फिरवावा, म्हणजे व्हार्निशची ऊब येते. तक्ता निराळा, तर रेषांचा कल व छटा निराळी, हा नियम पाळल्यास धड जिवंत वाटते. आल्बाट्रॉस डी.व्हीए जातीची अस्सल विमाने आज दोनच उरली आहेत, एक वॉशिंग्टनला आणि एक कॅनबेराला. हा विषय गांभीर्याने घेणारा प्रत्येक जण त्यांची चित्रे पाहूनच हात घालतो.

येथवर रंग झाला; आता वेदरिंग, म्हणजे ऊन, पाऊस, धूळ, तेल आणि माणसांचे हात यांच्या खुणा उमटवण्याचे काम. या बाबतीत माझे म्हणणे असे की प्रथम विचारावे ते इंजिन कोणते. कॅमलचे इंजिन रोटरी जातीचे, म्हणजे सिलिंडरांसह स्वतःच गरगर फिरणारे. त्यात इंधनाचे मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच जात असल्यामुळे पेट्रोलात सहजी न विरघळणारे वंगण हवे होते, आणि ते होते एरंडेल. हे एरंडेल पुन्हा वापरले जात नसे; जळाल्या वायूबरोबर ते बाहेर फेकले जाई आणि इंजिनावरील झाकणाच्या खालच्या उघड्या भागातून धडाच्या पोटावर व खालच्या पंखाच्या मुळाशी पसरे. म्हणून कॅमलचा डाग मधाच्या रंगाचा, अर्धपारदर्शक आणि चकचकीत असावयास हवा; तैलरंगात थोडे चमकदार व्हार्निश मिसळून तो वाऱ्याच्या दिशेने मागे ओढावा. याउलट एस.ई.५ए या विमानाचे इंजिन पाण्याने थंड होणारे, सिलिंडर स्थिर, आणि धूर बाहेर टाकणाऱ्या लांब नळ्या धडाच्या दोन्ही अंगांनी मागे गेलेल्या. तेथे एरंडेलाचा ओघळ काढणे म्हणजे खोटा दस्तऐवज करणे होय. तेथे नळीच्या तोंडामागे काजळीची मऊ, कोरडी, क्षीण होत जाणारी पट्टी हवी, आणि ती घोटलेल्या पेस्टलच्या भुकटीने उत्तम साधते.

हा भेद आपल्याकडील वाचकास अधिक जवळचा वाटावा असे एक कारण आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मूठभर हिंदी वैमानिकांपैकी हरदित सिंग मलिक हे २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून कॅमल उडवीत. १९१८च्या जुलैत दहा विजय मिळवून त्याच महिन्याच्या २२ तारखेस कामास आलेले इंद्रलाल रॉय हे ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये एस.ई.५ए वर होते. आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिनवर असता त्याच वर्षीच्या जूनमध्ये धारातीर्थी पडले. डॉल्फिन हे कॅमलच्याच कारखान्याचे, पण इंजिन पाण्याने थंड होणारे. या तिघांची विमाने एका फळीवर मांडून जर तिन्हींवर सारखेच काळपट ओघळ काढलेले आढळले, तर तिन्हींपैकी निदान दोघांचा इतिहास पुसला गेला असे खुशाल समजावे.

असे सरसकट ओघळ येतात कोठून, याचेही उत्तर छंदाच्या इतिहासातच सापडते. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या शेपर्ड पेन यांच्या देखाव्यांनी आणि त्यानंतर बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांच्या कामाने, कोरड्या ब्रशाने उठाव आणण्याची व पातळ काळसर रंग खाचांतून वाहू देण्याची पद्धत सर्वतोमुखी केली. एकविसाव्या शतकात मिग जिमेनेझ प्रभृती स्पॅनिश संप्रदायाने तैलरंगाचे ठिपके, रंगीत झिलई, भुकटी आणि रंग सोलल्याचा आभास यांचे शास्त्रच उभारले. परंतु या विद्येचा मोठा भाग रणगाड्यांवर वाढला. पोलादावरचा रंग खरवडला की खालून धातू चमकतो. लिननवरचा रंग खरवडला तर खालून चमकावयास काही नाही. ज्यावर चांदीचे ठिपके शोभतील असे या विमानांत फार थोडे आहे : इंजिनाचे ॲल्युमिनियमचे झाकण, त्याच्या मागचे काही पत्रे, बंदुकीच्या कडा, फार तर चढण्याची पायरी. बाकी सर्वत्र चिखल, पायांच्या पुसट खुणा आणि गोळीच्या भोकांवर चिकटवलेली ठिगळे, एवढाच ऐवज.

उन्हाने विटल्याच्या छटेबाबतही हात आखडताच हवा. आघाडीवरच्या विमानाचे आयुष्य पुष्कळदा काही आठवड्यांचे असे, आणि ते उडत नसे तेव्हा बहुधा कॅनव्हासच्या बेसोनो हँगरमध्ये असे. शिवाय यांत्रिक मंडळी ते नित्य पुसत. याउलट वेस्टलँड वापिटी घ्या. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे भारतीय वायुसेनेचे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले ते याच द्विपंखी विमानांवर, आणि पुढे १९३७ साली वझिरीस्तानातील मीरनशाहच्या मोहिमेतही हीच विमाने होती. त्यांचे कापड ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेल्या रुपेरी डोपचे होते आणि सेवा वर्षानुवर्षांची, तीही सरहद्दीच्या धुळीत. तेथे रुपेरी चमक मारून ती करडी करणे, चाकांभोवती व पंखांच्या खालच्या बाजूस पिवळट धूळ बसवणे आणि झाकणामागे तेल व धूळ यांचा लेप दाखवणे, हे सर्व न्याय्य ठरते. दिल्लीच्या पालम येथील वायुसेना संग्रहालयात एक वापिटी जतन केलेली आहे. आपल्याकडील कारागिरांनी तिचे दर्शन अवश्य घ्यावे.

कामाचा क्रम हा थोडक्यात सांगण्याजोगा भाग आहे. पंख व धड वेगवेगळे रंगवून, चिन्हे चिकटवून आणि बहुतेक डाग उमटवूनच वरचा पंख बसवावा. कारण दोन पंखांमध्ये ब्रश मागाहून शिरत नाही. तारा सर्वांत शेवटी, आणि त्यांतही विवेक हवा : ब्रिटिशांच्या तारा पुष्कळदा चपट्या पोलादी पात्यांसारख्या असत, जर्मनांच्या गोल दोरांच्या. आणखी एक तत्त्व सर्व थरांना लागू आहे. १:७२ची प्रतिकृती एका फुटावरून पाहणे म्हणजे अस्सल विमान ७२ फुटांवरून पाहणे; मधल्या हवेने रंग फिका होतो व चमक मंदावते, म्हणून डबीतल्या रंगात थोडा पांढरा मिसळणे आणि पूर्ण चकाकी टाळणे श्रेयस्कर.

सांप्रतची स्थिती संमिश्र आहे. चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या ‘विंगनट विंग्ज’ या न्यूझीलंडच्या कंपनीने २००९पासून १:३२ प्रमाणात पहिल्या महायुद्धाच्या विमानांचे जे संच काढले, त्यांच्या माहितीपुस्तिकांत अस्सल छायाचित्रे छापण्याचा प्रघात पाडून त्यांनी पुराव्याची सवय हजारो हातांना लावली. २०२० साली ती कंपनी बंद झाली. तथापि चेक देशाची एडुआर्ड व युक्रेनची रोडेन यांच्यासारख्या संस्थांनी द्विपंखी विमानांचा पुरवठा खंडित होऊ दिलेला नाही, आणि रंगांच्या बाबतीत तर आजइतकी सुबत्ता पूर्वी कधीच नव्हती. उणीव आहे ती परीक्षणाच्या कसोटीची. प्रदर्शनांतून आजही पारितोषिक मिळते ते पुष्कळदा सर्वाधिक मळलेल्या विमानास. माझ्या मते परीक्षकाने कोणत्याही एका डागावर बोट ठेवून तो तेथे का, एवढेच विचारावे. उत्तरादाखल इंजिन, ऋतू, तळ किंवा यांत्रिकाचा हात यांपैकी काही सांगता आले तर ती नक्कल अस्सलाशी रुजू झाली. ‘बरे दिसते म्हणून’ असे उत्तर आले तर तेही काम सुंदर असू शकेल, परंतु त्याची नोंद शोभेच्या वस्तूंच्या खात्यात करावी, विमानांच्या नव्हे.