नदी राखणाऱ्याची मजुरी

नंदुरबार जिल्ह्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा हे तीर्थक्षेत्र आहे. ‘दक्षिण काशी’ म्हणून लोक तेथे स्नानाला येतात. तेथून तापीचे पाणी उकाई धरणात जाते आणि पुढे सुरतेच्या नळाला येते. आमच्या काठावर ऊस, केळी, पपई, कापूस ही पिके आहेत. त्यांना खत भरपूर लागते आणि आपण ते सढळ हाताने घालतो.

पीक हवा तेवढाच नत्र घेते. उरलेला नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर नदीत जातो किंवा विहिरीत झिरपतो. स्फुरद मातीला चिकटून वाहतो. मग पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी माजते. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले, तर तान्ह्या बाळांना धोका असतो.

नदी बिघडवण्यात सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, हे खरेच. पण सांडपाणी नाल्यावर अडवून शुद्ध करता येते. शेतातले पाणी मात्र प्रत्येक बांधावरून येते, म्हणून उपायही बांधावरच हवा. खत थोडे थोडे, हप्त्याहप्त्याने द्यावे आणि काठाला गवताचा पट्टा राखावा. सांगायला हे सोपे आहे. पण शंभर मीटर काठावर पाच मीटरचा पट्टा सोडला, तर सुमारे पाच गुंठे जमीन जाते. दोन-अडीच एकरांच्या आदिवासी शेतकऱ्याने ती का सोडावी?

जर्मनीतील म्युनिक शहराने हा प्रश्न व्यवहाराने सोडवला. ज्या खोऱ्यातून पिण्याचे पाणी येते, तेथील शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीसाठी शहराची पाणीपुरवठा संस्था १९९२ पासून हेक्टरी पैसे देऊ लागली. पाणी बिघडल्यावर शुद्ध करण्यापेक्षा ते बिघडू न देणे त्यांना परवडले.

आपल्याकडेही पैसा अगदीच नाही असे नाही. युरियाच्या किमतीचा मोठा भाग सरकारच भरते. रासायनिक खत कमी वापरून वाचलेल्या अनुदानाचा निम्मा हिस्सा राज्यांना देण्याचे केंद्राने २०२३ मध्ये ठरवले. मला वाटते, असा पैसा काठच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे आणि खालच्या शहरांनीही त्यात भर घालावी. अट एकच असावी: पट्टा जागेवर दिसला, तरच पैसे. ही भीक नव्हे, नदी राखण्याची मजुरी आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)