आखूड पायांचा हिशेब

ठेंगण्या कोंबड्यांना बँटम हे नाव जावा बेटावरील बांतेन बंदरावरून पडले. त्यांतली जपानची चाबो जात फार देखणी. पाय इतके आखूड की पोट जवळजवळ जमिनीला टेकते आणि शेपूट मात्र डोक्याच्याही वर.

हौशी माणूस आखूड पायांचीच जोडी आणतो. पुढे बारापैकी तीन अंडी वाया गेली की खुडूक कोंबडीवर चिडतो. तिचा काय दोष? हा गुण आईबापांपैकी एकाकडून आला तर पाय आखूड होतात. दोघांकडून आला तर पिलू अंड्यातच मरते. सरासरीने चारात एक मरते, दोन आखूड पायांची निघतात आणि एक लांब पायांचे.

लांब पायांचे पिलू प्रदर्शनात चालत नाही, म्हणून लोक ते कापून खातात. आम्ही म्हणतो, ठेवा! त्याची जोडी आखूड पायांच्या पक्ष्याशी लावा. बारात आखूड पायांची पिले तेव्हाही सरासरी सहाच, पण उरलेली सहा जिवंत निघू शकतात. दुर्मिळ जातीत अंडी आधीच थोडी, तिथे हा फरक मोठा आहे. अशा पिलाच्या पायात कडी घालून आईबापांची नोंद वहीत करावी.