‘रेन’ला यमक शोधताना : इंग्रजी यमक डोळ्यांनी नव्हे, कानांनी



इंदुरातल्या आपल्या पुष्कळ घरांत हल्ली एकच चित्र दिसते. नातवंडे शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी आणि घरात मराठी बोलतात. अभ्यासाची वेळ झाली की मराठी शाळेत शिकलेले आजी-आजोबा हळूच दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. गेल्या पावसाळ्यात माझेही तेच झाले असते. चौथीतल्या नातीला पावसावर इंग्रजीत चार ओळींची कविता करायची होती. ‘रेन’ला ‘ट्रेन’ जुळवून ती अडली. मी डोकावले तर म्हणाली, “आजी, तुला नाही जमणार, इंग्लिशची आहे.”

इंग्रजी मला बेताचेच येते, हे खरे. पण यमक येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उभ्या उभ्या उखाणा रचणाऱ्या बाईला ते वेगळे शिकावे लागत नाही. म्हटले, बसून तर बघू. त्या संध्याकाळी जे उमगले आणि पुढे थोडे वाचून पक्के केले, ते इथे मांडते आहे. इतर आजी-आजोबांनाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट : स्पेलिंगकडे बघायचेच नाही. नात वहीत ए-आय-एनने संपणारे शब्द शोधत होती. त्यामुळे ‘लेन’ म्हणजे गल्ली तिला सुचेना, कारण तिचे स्पेलिंग एल-ए-एन-ई. ‘व्हेन’ म्हणजे शीर, ती व्ही-ई-आय-एन. लिहिताना तिन्ही शेपट्या वेगळ्या, ऐकताना एकच. उलट ‘माउंटन’ आणि ‘कॅप्टन’ यांच्या शेवटी ए-आय-एनच आहे, पण उच्चार ‘टन’. ते ‘रेन’शी जुळत नाहीत.

असे का? इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टनने 1476 च्या सुमारास छापखाना सुरू केला आणि पुढे हळूहळू स्पेलिंगे ठरत गेली. त्याच शतकांत इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र बदलत राहिले. लिखाण जुन्या वळणाचे राहिले, बोलणे पुढे गेले. म्हणून ‘गुड’, ‘फूड’ आणि ‘ब्लड’ या तिन्हींत डबल ओ असूनही एकाचे दुसऱ्याशी यमक नाही. लंडनच्या जॉन वॉकरने 1775 मध्ये यमकांसाठी एक कोश काढला. त्यात शब्द शेवटच्या अक्षरांवरून उलटे लावलेले होते. पण अशा कोशात सारख्या स्पेलिंगचे शब्द शेजारी येतात, सारख्या आवाजाचे येतीलच असे नाही. शेवटचा निवाडा कानाचाच.

इथे आपली देवनागरी मदतीला येते, कारण ती आवाज लिहिते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून काढला की यमक समोर दिसते. मात्र एक खाचखळगा आहे. दुखणे या अर्थाचा ‘पेन’ आणि लिहायचा ‘पेन’ आपण सारखेच लिहितो. इंग्रजीत त्यांचे स्वर वेगळे आहेत. दुखण्याचा ‘ए’ लांबतो आणि शेवटी किंचित ‘इ’कडे झुकतो. लिहायच्या पेनातला ‘ए’ पटकन संपतो. ‘टेन’ आणि ‘मेन’ म्हणजे पुरुष, हे त्या आखूड कुळातले, म्हणून ते ‘रेन’शी जुळत नाहीत. आम्ही त्यावर घरगुती तोड काढली : लांब स्वरापुढे अवग्रह. रेऽन, लेऽन, पेऽन. आता घोटाळा नाही.

दुसरी गोष्ट : वर्णमाला हाताशी धरायची. ‘रेऽन’मधला र काढला की ‘एऽन’ उरते. त्याच्या आधी क, ग, च अशी अक्षरे एकेक लावून बघायची. केऽन म्हणजे वेताची छडी, गेऽन म्हणजे लाभ, चेऽन म्हणजे साखळी, पेऽन म्हणजे दुखणे आणि खिडकीचे तावदानही, मेऽन म्हणजे मुख्य किंवा घोड्याची आयाळ. ख, घ, छ, झ सोडून द्यायचे. इंग्रजीत त्यांचे काम नाही. एकेरी अक्षरे संपली की जोडाक्षरे घ्यायची : क्रेऽन, ग्रेऽन, ट्रेऽन, ड्रेऽन, ब्रेऽन, प्लेऽन, स्टेऽन, स्पेऽन. पाच मिनिटांत वहीचे पान भरले. नात शब्द लावत होती आणि त्याला अर्थ आहे की नाही ते शब्दकोशात बघत होती.

तिसरी गोष्ट म्हणजे आघात, तो मराठी कानाला सहज कळत नाही. मराठीत आपण शेवटची एक-दोन अक्षरे जुळली की समाधान मानतो. इंग्रजीत शब्दातल्या एका भागावर जोर असतो. तिथल्या स्वरापासून शेवटापर्यंत सगळे सारखे हवे, आणि त्या स्वराआधीचे व्यंजन वेगळे हवे. ‘एक्स्प्लेऽन’, ‘कम्प्लेऽन’, ‘रिमेऽन’ यांत जोर शेवटी आहे, म्हणून ते ‘रेऽन’ला चालतात. ‘माउंटन’मध्ये जोर पहिल्या भागावर आहे, त्यामुळे शेपूट विरघळते. आणि व्यंजनही तेच राहिले तर? घोड्याचा लगाम आणि राजाची कारकीर्द, या दोन्हींना इंग्रजीत ‘रेऽन’च म्हणतात, स्पेलिंगे तेवढी निराळी. पण ‘रेऽन’ला ‘रेऽन’ जुळवणे म्हणजे आंब्याला आंबाच जोडणे. ‘अगेन’चे दोन उच्चार चालतात, एक आखूड, एक लांब. कविता करणारे सोयीप्रमाणे लांब घेतात.

काही शब्दांना जोडीदार मिळतच नाही. ‘मन्थ’ आणि ‘ऑरेंज’ यांना रोजच्या वापरातले पक्के यमक नाही. तेव्हा दोन उपाय : तो शब्द ओळीच्या शेवटून मध्ये सरकवायचा, नाहीतर अर्ध्या यमकावर भागवायचे. ‘रेऽन’ला ‘नेऽम’ किंवा ‘गेऽम’ हे असे अर्धे यमक. स्वर तोच, शेवटचे व्यंजन जवळचे.

नातीने अखेर खिडकीचे तावदान निवडले : बाहेर पाऊस, काचेवर थेंब, आणि आतून बघणारी ती. शब्द यादीत सर्वांत सोपा नव्हता, पण तिच्या कवितेत तोच बसला. नुसते जुळते म्हणून घेऊ नये, हे उखाण्याचेही सूत्र आहे.

मग माझी पाळी आली. मी विचारले, “आता ‘पाऊस’ला यमक सांग.” ती लगेच म्हणाली, “माऊस!” दोघी हसलो. म्हटले, मराठीतला सांग. बराच वेळ सुचेना. नामांत जोडी सापडणे कठीणच. मग मी तिला दार दाखवले : मराठीत यमक बरेचदा क्रियापदाच्या शेपटीत असते. थोडे थांबून ती म्हणाली, “नको जाऊस.” पाठोपाठ ‘नको खाऊस’, ‘नको गाऊस’ ओळीने आले. आणि चार ओळींची दुसरी कविता, शाळेने न मागितलेली, त्याच वहीच्या मागच्या पानावर झाली.

येत्या सुट्टीत आपणही हा खेळ घरी खेळून बघा. शब्द मुलांना निवडू द्या, कान आपला लावा. आणि एक इंग्रजी शब्द झाला की एक मराठी घ्यायचा, एवढा नियम मात्र पाळा.