ऑइल बदललं, वॉशर बदलला का?



वाळवंटात तंबू ठोकायला निघायच्या आदल्या रात्री आमच्या पिकअपखाली तेलाचे डाग दिसले. चुंबकवाला नवा ड्रेन प्लग नुकताच बसवलेला, वॉशर मात्र जुनाच. तेल अडवतो तो वॉशर, प्लगचे आटे नव्हेत. तांब्याचा वा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा चेपला की पुन्हा नीट बसत नाही. हादऱ्यांनी प्लगही सैल होतो. जोर लावून आवळलं, तर अॅल्युमिनियमच्या ऑइल पॅनचे आटेच जातात. (आम्ही तेच करणार होतो!) शुवैखला वॉशर फिल्सांत मिळतो. नवा प्लग घेताना आटे आणि लांबी जुन्याशी ताडून बघा. नळवाला प्लग खाली लोंबतो, दगड लागला तर संपलंच. ऑइलचा लाल दिवा पेटला, तर इंजिन तिथेच बंद करा, जहरा कितीही जवळ असू दे.